एबी फॉर्म आणि केसपेपर

मुंबईच्या उपनगरांतील राजकारणाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास दोन कागद समोर ठेवून तो लिहिता येईल, असे आम्हांस फार दिवसांपासून वाटत आले आहे. पहिला कागद म्हणजे महापालिकेच्या रुग्णालयात खिडकीवर मिळणारा केसपेपर. तो ज्याने कधी हातात धरला नाही असा मनुष्य घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील जुन्या वस्त्यांत विरळाच. दुसरा कागद म्हणजे एबी फॉर्म. तो सामान्य माणसाच्या दृष्टीसही पडत नाही. पक्षाचे चिन्ह अमुक एका उमेदवारास द्यावे, असे निवडणूक अधिकाऱ्यास कळविणारी ही जोडपत्रे. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत ती कोणाच्या खिशात आहेत, यावरून मातब्बर माणसांची झोप उडते. एका कागदावर रोग्याचे नाव असते, दुसऱ्यावर त्याच्या भावी प्रतिनिधीचे. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असतो काय, आणि कधी असलाच तर तो केव्हा तुटला, हा या लेखाचा विषय.

विवेचन उजव्या राजकारणापुरते मर्यादित ठेवीत आहोत, आणि त्या परंपरेविषयी आम्हांस सहानुभूती आहे हे आरंभीच सांगून टाकणे बरे. 'कॉन्झर्व्हेटिव्ह' या शब्दाला मराठीत धड प्रतिशब्द नाही. 'पुराणमतवादी' म्हटले की सोवळ्याओवळ्याचे चित्र उभे राहते, 'सनातनी' त्याहून वाईट, आणि 'उजवा' हा शब्द तर फ्रेंच राज्यक्रांतीतील बैठकव्यवस्थेवरून आलेला. त्यात विचार कमी आणि बाजू अधिक. आम्हांस जो अर्थ अभिप्रेत आहे तो असा: जे जवळचे आहे, चालते आहे, माणसांनी हळूहळू उभे केले आहे, ते मोडण्यापूर्वी दहा वेळा विचार करणारा, दूरच्या सत्तेपेक्षा शेजारच्या संस्थेवर अधिक भरवसा ठेवणारा. या अर्थाने उपनगरांतील मध्यमवर्ग स्वभावतःच उजवा होता. सहकारी गृहनिर्माण संस्था, वाचनालय, गणेशोत्सव मंडळ, पार्ल्यातील व्याख्याने, मुलुंडमधील ज्ञातिसंस्थांची वसतिगृहे हे त्याचे जग. त्याला पक्ष मिळाला तो मागाहून.

उमेदवारीच्या कथेची सुरुवात मात्र काँग्रेसपासून करावी लागते. अंधेरी-घाटकोपरपर्यंतची उपनगरे १९५० साली आणि दहिसर-मुलुंडपर्यंतची १९५७ साली बृहन्मुंबईत आली. त्याच १९५७ साली उत्तर मुंबईतून व्ही. के. कृष्ण मेनन लोकसभेवर गेले. १९६२ साली त्यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे राहिले. जनसंघ, स्वतंत्र पक्ष आणि प्रजा समाजवादी हे सारे कृपलानींच्या पाठीशी होते. उपनगरांतील उजव्या मतदाराला लाभलेली ही पहिली मोठी निवडणूक, आणि तीत तो लाखाहून अधिक मतांनी हरला. त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले, मेनन मंत्रिमंडळातून गेले, आणि हरलेल्यांना आपले म्हणणे खरे ठरल्याचे कडू समाधान मिळाले.

१९६७ साली जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. मुंबई काँग्रेसने मेनन यांना तिकीट नाकारले. कारण दिले ते बाहेरचे असल्याचे. दहा वर्षे खासदार असलेला मनुष्य एकाएकी बाहेरचा कसा होतो, हे विचारण्याची सोय नव्हती. पंतप्रधानांच्या मनात ते उमेदवार असावेत असे होते, पण मुंबई काँग्रेसवर त्या काळी स. का. पाटील यांची पकड होती आणि पंतप्रधानांचेही चालले नाही. तिकीट मिळाले स. गो. बर्वे यांना. बर्वे आयसीएस अधिकारी, पानशेतच्या पुरानंतर पुण्याच्या पुनर्वसनाचे काम ज्यांनी हाताळले ते, पुढे राज्यात मंत्री आणि योजना आयोगाचे सदस्य. गुणवत्तेत कोठेही कमी नसलेला उमेदवार. मेनन पक्ष सोडून अपक्ष उभे राहिले. सहा-सात महिन्यांपूर्वीच स्थापन झालेल्या शिवसेनेने 'मद्रासी' उमेदवाराविरुद्ध रान उठविले. ईशान्य मुंबईत बर्वे सुमारे तेरा हजार मतांनी विजयी झाले, आणि निकालानंतर काही दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला. पोटनिवडणूक लागली. काँग्रेसने बर्व्यांच्या भगिनी तारा सप्रे यांना उभे केले. मेनन पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. तिकिटे वाटणारे स. का. पाटील त्याच सार्वत्रिक निवडणुकीत दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडून पराभूत झाले होते.

या प्रकरणात पुढील साठ वर्षांचे सारे बीज आहे. स्थानिक की बाहेरचा, हा प्रश्न तत्त्वाचा म्हणून मांडला गेला आणि सोयीचा म्हणून वापरला गेला. एक माणूस गेला की घरातील दुसरे माणूस उभे करावे, हा तोडगाही सापडला. आणि ईशान्य मुंबईतील एकाही साध्या पक्षसदस्याला, तुमचा उमेदवार कोण असावा, असे कोणी विचारले नाही. गंमत पाहा: ज्या घाटकोपर-मुलुंडच्या पट्ट्याने दक्षिणी म्हणून मेनन यांना नाकारले, त्याच पट्ट्याने दहाच वर्षांनी, १९७७ साली, जनसंघाच्या मुशीतून आलेल्या सुब्रमण्यम स्वामींना जनता पक्षाच्या तिकिटावर निवडून दिले आणि १९८० साली पुन्हा दिले. वायव्य मुंबईने या दोन्ही वेळी सिंधमधून आलेले राम जेठमलानी निवडले. तेव्हा मतदाराला बाहेरच्याचे वावडे असते, हे आम्हांस मान्य नाही. वावडे असते ते पक्षाच्या कार्यालयांना, आणि तेही ऋतुमानाप्रमाणे.

जनसंघाची पद्धत निराळी होती काय? होती आणि नव्हतीही. मतदान तेथेही नव्हते. परंतु उमेदवार ठरविणारे आणि उमेदवार हे एकाच बैठकीत, एकाच सतरंजीवर वर्षानुवर्षे बसलेले असत. राम नाईक यांचे उदाहरण सर्वांत स्वच्छ. नोकरी सोडून १९६९ साली ते जनसंघाचे पूर्णवेळ संघटक झाले. मुंबईच्या संघटनेचे काम केले. आणि १९७८ साली बोरिवलीतून आमदार झाले. म्हणजे तिकीट मिळण्यापूर्वी नऊ वर्षे लोकांनी हा मनुष्य सभेच्या खुर्च्या मांडताना पाहिला होता. तीन वेळा आमदार, १९८९ पासून पाच वेळा उत्तर मुंबईचे खासदार. आगगाडीचे वेळापत्रक, फलाटांची उंची, मच्छीमारांचे प्रश्न अशा विषयांवर या गृहस्थांनी जी चिकाटी दाखविली तिची थट्टाही झाली. आम्हांस ती थट्टा कधी रुचली नाही. लोकलच्या दारात लटकणाऱ्यास फलाटाची उंची हा तात्त्विक प्रश्नाहून मोठा असतो.

आरोग्याच्या प्रश्नावर नाईक यांनी केलेले एक काम आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. स्तनपानास उत्तेजन द्यावे आणि डब्यातील बाळदुधाच्या जाहिरातींवर बंदी घालावी, यासाठी त्यांनी लोकसभेत खाजगी विधेयक मांडले. सरकारने विषय उचलला आणि १९९२ साली त्याचा कायदा झाला. आज बाळदुधाच्या डब्यावर आईचे दूधच उत्तम असे जे छापलेले असते, ते या कायद्यामुळे. उजव्या राजकारणाने आरोग्याकडे कसे पाहावे याचा हा आम्हांस दिसलेला उत्तम नमुना आहे. नवे खाते नाही, नवे कार्ड नाही, खर्च जवळजवळ नाही. आई आणि मूल यांच्यामध्ये शिरलेल्या बाजाराला बाजूला हो म्हणणे एवढेच. दोन वर्षांनी, १९९४ साली, स्वतः नाईक यांना कर्करोगाने गाठले. त्यातून ते उठले आणि पुन्हा मतदारसंघात फिरू लागले.

आता केसपेपराकडे वळू. उपनगरांतील महापालिका रुग्णालयांची पूर्ण नावे कोणी वाचीत नाही. घाटकोपरची राजावाडी म्हणजे सेठ व्ही. सी. गांधी आणि एम. ए. व्होरा रुग्णालय. मुलुंडचे श्रीमती एम. टी. अगरवाल. बोरिवलीचे हरिलाल भगवती. जुहू-पार्ल्याच्या सीमेवरचे डॉ. आर. एन. कूपर. सेठ, श्रीमती, डॉक्टर ही येथली बिरुदे. मंत्री आणि नेते येथे नाहीत. मुंबईत ही रीत जुनी. परळचे के. ई. एम. आणि त्याला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले तेव्हा सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगीबरोबर अट घातली होती, की अध्यापक आणि डॉक्टर हिंदी असावेत. म्हणजे देणगीदार केवळ संगमरवरावर नाव कोरून घेत नव्हता. संस्था कशी चालावी याविषयी त्याला मत होते आणि ते तो बजावीत होता. पैसा गावचा, जमीन व कारभार पालिकेचा, आणि देखरेख ज्याला लाज वाटेल अशा माणसाची. हीच ती आमच्या अर्थाची उजवी व्यवस्था, जरी तिला तसे नाव कोणी दिले नाही.

आमच्या लहानपणी उपनगरातील अशाच एका रुग्णालयात आम्ही वडिलांबरोबर रांगेत उभे राहिल्याचे आठवते. रांग हलेना तेव्हा शेजारच्या बाईंनी सुचविले, की नगरसेवकाची चिठ्ठी आणा. चिठ्ठी मिळाली, नगरसेवक चाळीच्या पलीकडेच राहत होते, बनियनवरच दारात आले. त्या चिठ्ठीने काम झाले खरे, पण वडिलांना ते फार लागले. हक्काच्या गोष्टीसाठी ओळख लावावी लागली याचे वैषम्य त्यांना कित्येक दिवस होते. त्यांचे बरोबरच होते. मात्र आज मागे वळून पाहता आम्हांस त्या चिठ्ठीत आणखी काही दिसते. रुग्णालयात काय चालले आहे हे त्या नगरसेवकाला ठाऊक होते, कारण त्याच्या दारात रोज चार माणसे तेच सांगत येत. आणि पुढच्या निवडणुकीत त्याला तिकीट द्यावे की नाही, हे ठरविणारेही त्याच गल्लीतून जाणारे-येणारे होते.

कामगारांचा मार्ग निराळा होता. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ चा. मुलुंड, भांडुप, घाटकोपर येथील कारखान्यांतून आणि अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतून काम करणाऱ्याच्या पगारातून वर्गणी कापली जाई, मालकाचा वाटा वेगळा, आणि त्यातून दवाखाने व रुग्णालये चालत. वर्गणीदार हा उपकृत नसतो. त्याने भरलेले असते. या योजनेला डाव्यांनी आपली मानले, पण तिच्यातील तत्त्व खरे तर उजव्यांनी उचलावयास हवे होते. कोणीच उचलले नाही. कारखाने गेले, त्यांच्या जागी मनोरे आले, आणि वर्गणीदार पांगले. १७ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरीत मरोळच्या कामगार रुग्णालयाला आग लागली, आठाहून अधिक माणसे गेली. ज्या रुग्णालयासाठी लोकांनी पगारातून पैसे भरले होते, त्याची ही गत. जुलै २०१९ पासून कामगाराची वर्गणी पगाराच्या पावणेदोन टक्क्यांवरून पाऊण टक्क्यावर आणली गेली आणि ती सवलत म्हणून जाहीर झाली. आगीचा प्रश्न वर्गणी कमी करून कसा सुटतो, हे आम्हांस उमगले नाही.

दरम्यान राजकारणाचे पाणी दुसरीकडून वाहू लागले होते. १९८७ च्या डिसेंबरात पार्ल्यात पोटनिवडणूक झाली. शिवसेनेच्या पाठिंब्याने उभे राहिलेले डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचार धर्माच्या नावावर झाला म्हणून उच्च न्यायालयाने ही निवड रद्द ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली तो निर्णय कायम केला. उमेदवार डॉक्टर होता, पार्ल्यातला होता, आणि तरीही निवडणूक रोगराईवर वा रुग्णालयावर झाली नाही. आम्ही हिंदुत्वाचा मुद्दा गैरलागू मानीत नाही. तो या समाजाच्या अंतरंगातून आलेला आहे. परंतु त्या मुद्द्याचा एक परिणाम असा झाला, की उमेदवाराला गल्लीतील गोष्टी ठाऊक असण्याची गरज उरली नाही. पताका ज्याच्या हाती द्यावी तो चालू लागला.

याचा पुरावा २००४ साली विरोधकांनीच दिला. पाच वेळा निवडून आलेल्या, पेट्रोलियम मंत्री असलेल्या राम नाईकांसमोर काँग्रेसने सिनेनट गोविंदा यांना उभे केले आणि ते सुमारे ४८ हजार मतांनी जिंकले. गोविंदा विरारचे, तेव्हा 'बाहेरचा' हा आक्षेपही नीटसा बसेना. २००९ साली नाईक पुन्हा उभे राहिले आणि संजय निरुपम यांच्याकडून सहा हजारांहून कमी मतांनी हरले. या दोन पराभवांतून भाजपने जो धडा घेतला तो आमच्या मते चुकीचा होता. संघटनेत मुरलेला मनुष्य हरू शकतो, हे खरे. परंतु यावरून मुरण्याचीच आवश्यकता नाही असा निष्कर्ष निघत नाही.

आरोग्याच्या बाजूने याच सुमारास विम्याचे युग सुरू झाले. गरिबांच्या हृदयविकार, कर्करोग आदींच्या शस्त्रक्रियांसाठी युती सरकारच्या काळात, १९९७ साली, जीवनदायी योजना निघाली होती. ती मर्यादित होती. २ जुलै २०१२ रोजी काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे त्यांतील दोन. पिवळी वा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबास वर्षाला दीड लाखापर्यंतचे ९७१ प्रकारचे उपचार, तेही खाजगी रुग्णालयांतसुद्धा, रोख पैसे न देता. २०१३ साली ती राज्यभर गेली. सत्ता पालटली, आणि २०१७ साली भाजप-शिवसेना सरकारने तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे केले. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान भारत आली, २०२० साली दोन्ही जोडल्या गेल्या. २०२३ साली मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना सामावून घेण्याचा निर्णय झाला व पुढील वर्षी तो अमलात आला.

नावे बदलली, पक्ष बदलले, परंतु योजनेचे हाड तेच राहिले, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. काँग्रेसने आणलेली योजना उजव्यांनी मोडली नाही, सुधारली नाही, मोठी केली. कोणी म्हणेल, चांगले ते टिकविणे हाच तर उजवेपणा. आम्ही थोडे अडखळतो. या योजनेने अनेकांचे प्राण वाचविले, घरे विकावयाची वाचविली; हृदयशस्त्रक्रियेचे बिल ज्याने भरले आहे तो तिला नावे ठेवणार नाही, आणि आम्हीही ठेवीत नाही. परंतु विम्याचे कार्ड चालते ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. उपनगरातील माणसाचे रोग बहुतांशी दाखल न होण्याचे आहेत: मधुमेह, रक्तदाब, चिवट क्षय, पावसाळ्यातील ताप. त्यांसाठी लागतो जवळचा दवाखाना आणि ओळखीचा डॉक्टर. सरकारचा पैसा आणि मंत्र्यांचे लक्ष कार्डाकडे वळले, आणि ज्या इमारतींत केसपेपर निघतो त्या मागे पडल्या. बोरिवलीच्या भगवतीची पुनर्बांधणी वर्षानुवर्षे रेंगाळली, मुलुंडच्या अगरवालचीही लांबली. जून २०२१ मध्ये राजावाडीच्या अतिदक्षता विभागातील एका तरुण रुग्णाच्या डोळ्यांना उंदराने चावा घेतल्याची बातमी आली. त्या रुग्णाला शस्त्रक्रियेचे कार्ड असते तरी उंदराला ते दाखवता आले नसते.

दान आणि खाजगी वैद्यक यांना जोडणारा एक दुवा कायद्यात शिल्लक आहे. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिली. देणगीदाराच्या अटीचे हे आधुनिक रूप. हिची अंमलबजावणी हा उजव्यांचा आवडता विषय व्हावयास हवा होता. करसवलत घेतलीत, आता शब्द पाळा, असे म्हणणे त्यांना शोभले असते. न्यायालयाने सांगेपर्यंत कोणा पक्षाने ते म्हटले नाही, आणि सांगितल्यावरही फारसे नाही.

येथे अमेरिकेकडे क्षणभर पाहू. तेथे पक्षाचा उमेदवार पक्षाचे मतदारच निवडतात, आणि त्या निवडीच्या वेळी उमेदवाराची आरोग्यविषयक भूमिका सोलून काढली जाते. २००८ साली हिलरी क्लिंटन आणि ओबामा यांच्यात विमा सक्तीचा असावा की नाही यावर महिनोन्‌महिने वाद झाला. तेव्हा मोठ्या माणसांवर सक्ती नको म्हणणाऱ्या ओबामांनी २०१० साली सक्तीचाच कायदा केला. २०१२ साली रिपब्लिकन मिट रॉम्नी यांना आपल्याच पक्षाच्या मतदारांपुढे, २००६ साली मॅसॅच्युसेट्सचे राज्यपाल असताना केलेल्या तशाच कायद्याचे समर्थन करता करता घाम फुटला. त्या चर्चेत थिल्लरपणाही पुष्कळ होता. पण प्रश्न विचारला गेला. बोरिवलीत वा मुलुंडमध्ये एबी फॉर्म देण्यापूर्वी, भगवतीचे काय करणार, अगरवालचे काय करणार, असे उमेदवारास विचारावयाचे तर ते कोणी आणि कोठे?

ही पद्धत आपल्याकडे अगदीच आली नाही असे नाही. २०१४ च्या लोकसभेसाठी राहुल गांधींच्या आग्रहाने काँग्रेसने देशात मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदान घेतले. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर निवडले गेले. मुंबईतील एकही जागा नव्हती. लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडले गेले, वर्ध्यात सागर मेघे. सागर मेघे हे तेथील मावळते खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव, आणि दत्ता मेघे यांचे सावंगीचे वैद्यकीय संकुल विदर्भात सर्वश्रुत. म्हणजे मतपेटी आली तरी तीतून घरचाच माणूस निघाला. दोन्ही उमेदवार भाजपकडून पराभूत झाले, आणि काही महिन्यांतच मेघे कुटुंबीय भाजपमध्ये गेले. तेव्हा नुसत्या मतदानाने सारे सुधारेल, अशा भ्रमात आम्ही नाही. सदस्य खरे असावे लागतात, वर्गणी भरणारे असावे लागतात. भाड्याने आणलेल्या नावांची यादी सतरंजीवरच्या बैठकीहून वाईट.

आणि ती सतरंजी तर केव्हाच गुंडाळली गेली. २०१९ च्या विधानसभेत घाटकोपर पूर्वेतून १९९० पासून निवडून येणारे प्रकाश मेहता यांना वगळून पराग शहा यांना उमेदवारी मिळाली, तेव्हा मेहता-समर्थकांनी नव्या उमेदवाराची गाडी फोडली. मुलुंडमध्ये चार वेळा आमदार असलेल्या सरदार तारासिंग यांच्या जागी मिहीर कोटेचा आले. बोरिवलीत मंत्री असलेले विनोद तावडे यांचे तिकीट कापून सुनील राणे यांना देण्यात आले. ईशान्य मुंबईच्या लोकसभेला २०१४ साली किरीट सोमय्या, २०१९ साली मनोज कोटक, २०२४ साली कोटेचा. दर वेळी नवा चेहरा, आणि शेवटच्या वेळी पराभव. यांतील कोणताही निर्णय स्वतंत्रपणे चुकीचा होता, असे आमचे म्हणणे नाही. मेहतांना वगळण्यास कारणे असतील, वयही पाहावे लागते. परंतु कारण कोणी सांगितले नाही, आणि सांगण्याची गरज वाटली नाही. गाडी फोडणे निंद्य खरेच. पण ज्या पक्षात मत नोंदविण्यासाठी काच हाच एक पृष्ठभाग उरतो, त्या पक्षाने काचेपलीकडेही पाहावे.

याच काळात गल्लीतील उरलेला दुवाही निखळला. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते; प्रशासकाने कारभार पाहिला. त्या वर्षाच्या अखेरीस 'हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना' ही योजना आली, आणि येथे आम्हांस प्रांजळपणे सांगितले पाहिजे की कल्पना योग्य होती. वस्तीत दवाखाना, साधे रोग, मोफत तपासणी. हेच तर हवे होते. फक्त तो दवाखाना बंद असला, डॉक्टर आला नाही, औषध संपले, तर बनियनवर दारात येणारा कोणी तेव्हा निवडलेला नव्हता. पाटीवर नाव होते, ते हाक मारण्याजोग्या माणसाचे नव्हते.

१९७८ पासून बोरिवलीने एकाच परंपरेचा आमदार निवडला आहे; मुंबईत इतका एकनिष्ठ मतदारसंघ दुसरा दाखविणे कठीण. २०२४ साली लोकसभेसाठी तेथील खासदार गोपाळ शेट्टी यांच्या जागी पीयूष गोयल आले. शेट्टी त्याच भागातले, नगरसेवकपदापासून चढत आलेले. काही महिन्यांनी विधानसभेची यादी लागली, तीत संजय उपाध्याय यांचे नाव निघाले. तीन निवडणुकांतील तिसरे नवे नाव. बोरिवली ही धर्मशाळा नव्हे, अशा आशयाचे बोलून शेट्टी यांनी अपक्ष अर्ज भरला. नेते भेटीस गेले, मनधरणी झाली, आणि ४ नोव्हेंबर रोजी, माघारीच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी अर्ज मागे घेतला. उपाध्याय मोठ्या फरकाने निवडून आले. त्या आठवड्यातील जेवढ्या बातम्या आम्ही वाचल्या त्यांत निष्ठा होती, अन्याय होता, बाहेरचा आणि आतला होता, १९६७ सालचे सारे शब्द जसेच्या तसे होते. भगवती रुग्णालयाचे नाव आम्हांस त्यांत कोठे दिसले नाही. ते स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.